आक्काचा सांगावा

गेल्या दिवाळीत आमच्या भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक ठराव आला. मांडणारा माझा पुतण्या. हिंजवडीत नोकरीला, पोरगा तसा सरळ. त्याचं म्हणणं, "ग्रुप फक्त महत्त्वाच्या बातम्यांसाठी ठेवूया. देवाचे फोटो, शुभ सकाळ, सुविचार, राजकारण सगळं बंद." तासाभरात दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, फोन भरतो, कामाची बातमी गाळातून शोधावी लागते, अंधश्रद्धा पसरते. दुसरा तट उसळलेला: देवाचं नाव घ्यायलाही आता परवानगी काढायची का, हीच का आपली संस्कृती? त्र्याऐंशी मेसेज झाले. त्यांत आक्काचं नाव एकदाही आलं नाही. ठराव तिच्यामुळंच निघालाय हे मात्र प्रत्येकाला ठाऊक होतं.

आक्का माझी थोरली चुलती. आटपाडी तालुक्यातल्या एका वाडीवर एकटी राहते. चुलते जाऊन एकोणीस वर्षं झाली. बाकीची भावकी पांगलेली. आमच्या पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यानं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायच्या कामानं, देशभर गेली. एक चुलते कोइमतूरला स्थिरावले, एक चुलतभाऊ कोलकात्याला. काही जण नवी मुंबईत माथाडी, त्यांची पोरं पुण्यात, एक भाची न्यू जर्सीला. या सगळ्यांना रोज सकाळी सहाच्या आत आक्काकडून पांडुरंगाचा एक फोटो येतो आणि त्याच्या मागोमाग मिनिट-दीड मिनिटाचा आवाज. तो असा असतो: "रामकृष्णहरी. आज एकादशी हाय बरं का. पांडुरंगाच्या किरपेनं समदं ठीक हाय. धाकल्याची गाय व्याली, कालवड झाली. टेंभूचं पानी अजून आलं न्हाई. तात्यांचा गुडघा तसाच हाय, पर माळ सोडली न्हाई त्यांनी. कोइमतूरवाल्यांनी एकदा बोलावं त्यांच्यासंगं. रामकृष्णहरी." (टेंभू म्हणजे कृष्णेचं पाणी उपसून आमच्या दुष्काळी पट्ट्यात आणणारी योजना.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा वाद दोन्ही बाजूंनी भलत्याच जागी लढला गेला. देव राहावा की जावा, फोनमध्ये जागा आहे की नाही, यावर सगळे तुटून पडले. खरा प्रश्न एवढाच होता की महत्त्वाची बातमी कोणती, हे ठरवायचं कुणी. आणि या प्रश्नात मी आक्काच्या बाजूचा आहे. ती सांगते त्यातून देव वेगळा काढा आणि बातमी तेवढी ठेवा, हे म्हणणं वरवर शहाणपणाचं दिसतं. प्रत्यक्षात देव काढला की बातमीही जाते.

वरचाच आवाज घ्या. तात्यांनी माळ सोडली नाही, हे वाक्य ठरावाच्या हिशेबात धार्मिक, म्हणजे बाद. पण आमच्याकडच्या माणसाला त्यातून काय कळतं? म्हातारा दुखण्यानं खचलेला नाही, खाण्यापिण्याचं पथ्य सांभाळून आहे, अजून ताळ्यावर आहे. चार ओळींचा वैद्यकीय अहवाल झाला हा. 'पांडुरंगाच्या किरपेनं' आणि 'पांडुरंगाची मर्जी' यांतला फरक तर मला स्वतःला कळायला काही वर्षं गेली. पहिलं आलं की खरंच ठीक असतं. गेल्या उन्हाळ्यात दुसरं सलग तीन दिवस आलं. कोइमतूरच्या चुलत्यांनी चौथ्या दिवशी फोन लावला. बोअर आटली होती आणि टँकरसाठी तिनं उसने पैसे घेतले होते. दिरापुढं हात पसरायचा नाही हा तिचा एकोणीस वर्षांचा बाणा आहे. तो न मोडता गरज सांगायची एकच वाट तिला माहीत आहे, ती देवाच्या नावावरून जाते. ती वाट बंद करून "आक्का, काही लागलं तर मोकळेपणानं सांग" असं म्हणणाऱ्यानं विधवेच्या घरातलं मागणं म्हणजे काय असतं ते कधी पाहिलेलं नाही.

आणि हे काय आज निघालंय? भारतात पोस्टकार्ड आलं 1 जुलै 1879 ला, पाव आण्यात. तळहाताएवढा कागद, त्यात अर्धी जागा पत्त्याला. तरी त्यावर पहिलं 'श्री' यायचं, मग साष्टांग नमस्कार, मग 'श्रीकृपेने येथील सर्व क्षेम', आणि मग जागा उरली तर बैल विकला की राहिला ते. फोनमध्ये जागा नसते अशी तक्रार करणाऱ्या आपल्यापैकी कुणाच्या आजोबांनी 'श्री' खोडून एक ओळ वाचवली होती? त्याच्याही मागं गेलं तर जातं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना थक्क व्हायला होतं ते एका गोष्टीनं: भाऊ, माहेर, लेकीचं सासर, पंढरीची वाट आणि विठ्ठल यांच्यात भिंतच नाही. भावानं साडी नेसवली नाही ही तक्रार आणि विठ्ठलाचं दर्शन एकाच दळणात येतं. पिठाची गिरणी आली, जातं कोनाड्यात गेलं, पहाटेचं ते बोलणं थांबलं. आक्काच्या पहाटेच्या आवाजात मला त्याचीच चाल ऐकू येते, फक्त आता ती शेजघरापुरती न राहता कोलकात्यापर्यंत जाते.

पत्राच्या काळाचं उमाळ्यानं गुणगान करायचं मात्र मी टाळतो, कारण त्या काळात आक्का नव्हतीच. तिला लिहिता येत नाही. चुलते गेल्यावर काही वर्षं तिची पत्रं शाळेतले एक गुरुजी लिहून द्यायचे. परक्या पुरुषासमोर बसून बाईमाणूस काय सांगणार? पीकपाणी, तब्येत, मोठ्यांना नमस्कार. पत्राच्या डोक्यावर तिच्या नावाआधी 'गं. भा.' लिहायला गुरुजी विसरत नसत, आणि त्याखाली आक्का स्वतः कुठंच सापडत नसे. 2013 साली व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवायची सोय झाली, पुढं केव्हातरी नातवाचा जुना फोन तिच्या हाती आला आणि मधला लेखनिक गेला. साक्षरता अभियानाला जमलं नाही ते एका बटणानं केलं.

'गं. भा.'वरून आठवलं. 2023 च्या एप्रिलमध्ये राज्याच्या तत्कालीन महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवा या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' वापरावा असा प्रस्ताव आपल्या विभागापुढं ठेवला. गदारोळ झाला, मग असा काही निर्णय झालेला नाही असा खुलासा आला. आठवडाभर सगळ्या महाराष्ट्रानं विधवेला काय म्हणावं यावर तोंडसुख घेतलं. ती काय म्हणते, हे कुणी विचारलं? त्याच्या आदल्या वर्षी, मे 2022 मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला होता. तो खरोखर मोठा ठराव. शासनानं 17 मे 2022 ला परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हेरवाड आमच्या आटपाडीपासून काही फार लांब नाही. पण तोही ठराव बाईच्या अंगावरून काय काढायचं नाही, याबद्दलचा आहे. ज्या बाईचं सगळं एकोणीस वर्षांपूर्वी काढून झालंय तिचं काय? तिनं सकाळी उठून स्वतःच्या तोंडानं चाळीस माणसांना 'शुभ' म्हटलं, तर त्यासाठी आपल्याकडं कुठला ठराव आहे?

इथं मला थोडं थांबायचंय, कारण 'शुभ सकाळ'ची चेष्टा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोरून जी गोष्ट निसटते ती हीच आहे. आमच्या भागात कामाला निघताना विधवा आडवी आली की माणसं घटकाभर ओसरीवर बसून मग निघायची. सकाळी सकाळी तिचं तोंड दिसू नये म्हणून पाण्याला जायची तिची वेळ वेगळी असायची. हळदीकुंकवाला बोलावणं नाही, ओटी भरायला हात नाही. हे फार जुनं सांगत नाहीये. माझ्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा आक्का मांडवाच्या मेढीमागं उभी होती. जिनं मला कडेवर वागवलं तिला पुढं बोलवायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. त्या बाईचा 'शुभ सकाळ' आज कोलकात्यापासून कोइमतूरपर्यंत सगळ्यांच्या दिवसाच्या तोंडाशी उभा राहतो, आणि तो आल्यावर कुणीही ओसरीवर बसत नाही. आक्काला यात बंड वगैरे करायचं नाही, विचारलं तर ती हसेल. पण ज्या दारांतून तिला मागं सारलं होतं त्यांच्यापुढं एक असं दार निघालं जिथं कपाळ तपासलं जात नाही, आणि ती त्यातून आत आली. आपण नेमकं तेच बंद करायला निघालो, तेही सुधारणेच्या नावाखाली.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य केलं पाहिजे, आणि ते थोडं नाही.

पहिली गोष्ट, फॉरवर्ड माणसं मारतात. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठेचून मारलं. अफवा फोनवरून फिरली होती. हे होऊन गेल्यावर "म्हातारीला पाठवू द्या काय पाठवायचं ते" असं सैल बोलायची सोय कुणालाच उरलेली नाही. आक्काही धुतल्या तांदळासारखी नाही. अकरा जणांना पाठवा नाहीतर विघ्न येईल, हे तिनं पाठवलंय. लिंबानं कॅन्सर बरा होतो हे पाठवलंय. एकदा तर एका समाजाविरुद्ध विष ओकणारा व्हिडिओ तिच्याकडून आला. वर गणपती होता, आक्कानं गणपती पाहून पुढं ढकलला. हे सगळं खरं. पण तो व्हिडिओ वाडीवर पोचला कसा? मी माग काढला. आमच्याच एका इंजिनिअर भावानं तो तिला पाठवला होता, आणि ठरावाच्या बाजूनं सगळ्यांत जोरात तोच बोलत होता. राईनपाड्याच्या अफवेला ना चेहरा होता ना आवाज, ती कुणी बनवली हे पुढं पाठवणाऱ्या कुणालाच माहीत नव्हतं. आक्काचा सांगावा तिच्या तोंडचा असतो. चुकलं तर तिला विचारता येतं, दटावता येतं, ती कबूलही करते. खुद्द कंपनीनं 2018 च्या त्या जुलैमध्ये भारतात मर्यादा घातली ती पुढं ढकलायच्या मजकुरावर, पाच ठिकाणांची. स्वतःच्या आवाजावर घातली नाही. जो फरक अमेरिकेत बसलेल्या कंपनीला कळला तो आमच्या भावकीला कळू नये?

दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. एका पुतणीचं पोट पडलं. आक्कानं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, 'देवानं दिलं देवानं नेलं'सकट, चाळीस जणांत सांगून टाकलं. पुतणी ग्रुप सोडून गेली, ती अजून परत आलेली नाही. इथं मी आक्काची वकिली करणार नाही. वाडीवर दुःख चारचौघांत सांगितलं की हलकं होतं, पुण्याच्या फ्लॅटमध्ये ते चारचौघांत गेलं की दुप्पट होतं, हे तिला ठाऊक नव्हतं एवढंच. तिला ते समजावून सांगावं लागलं. आता ती म्हणते, "पोरीची तब्येत नरम हाय, ज्यानं त्यानं फोन करावा." चूक घडली, सांगितली, सुधारली. पुतणीची जखम त्यानं भरत नाही, हे मला मान्य आहे.

तिसरा आक्षेप विचारी मैत्रिणींचा असतो. त्यांचं म्हणणं, ज्या धर्मानं या बाईला मेढीमागं उभं केलं त्याचेच फोटो ती वाटते आणि तुम्ही त्याला मुक्ती म्हणता. आक्षेपात वजन आहे. आक्काला साखर आहे आणि ती निर्जळी एकादशी धरते. एकदा गोठ्यात चक्कर येऊन पडली. पण पडली हे आम्हाला कळलं कशावरून? आदल्या सकाळी तिनंच "उद्या निर्जळी हाय" असं सांगितलं होतं, म्हणून डॉक्टर असलेल्या भाचीनं विचारपूस केली. तेव्हापासून भाची तिच्याशी दर एकादशीला भांडते. निर्जळीवरून आक्का आता भगरीवर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर आली आहे. बोलून दाखवलेल्या श्रद्धेशी भांडता येतं. गप्प बसवलेली श्रद्धा कुणा बुवाच्या दारात जाते, आणि तिथं भाची नसते.

शिवाय बाईची श्रद्धा ही बाकीच्यांनी आपसांत लढायची जागा आहे, ही समजूत आपल्याकडं फार जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढं ते पुण्याला आलं. बालविधवा तिथं शिकू लागल्या. 1893 मध्ये तिथं मुलींना ख्रिस्ती धर्माकडं वळवलं जातं यावरून पुण्यात वादळ उठलं. वर्तमानपत्रं लढली, सल्लागार मंडळातल्या रानडे-भांडारकरांसारख्यांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली घरी नेल्या. रमाबाई बरोबर होत्या की पुणेकर, हा वाद आजही घालता येईल. पण त्या मुलींपैकी किती जणींना कुणी विचारलं असेल की बाई, तुझ्या मनात काय आहे? त्यांचं शिक्षण तुटलं, वाद मात्र पुढं चालू राहिला. 1856 च्या विधवा पुनर्विवाहाच्या कायद्यानंही लग्नाची वाट उघडली आणि त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमानं पुन्हा लग्न करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क काढून घेतला. तिच्या भल्याचं ठरवताना तिलाच खोलीबाहेर ठेवलं की असं होतं. आमचे त्र्याऐंशी मेसेज त्याच परंपरेतले.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण द्यायचा मोह होतो, आणि तो धोक्याचा आहे. जळगावकडच्या शेतकरी घरातल्या, तरुण वयात विधवा झालेल्या, अक्षरओळख नसलेल्या त्या बाई. त्यांचं बोलणं मुलानं आणि मुलाच्या मावसभावानं कागदावर उतरवून घेतलं, त्या 1951 मध्ये गेल्यावर पुढच्या वर्षी ते छापलं गेलं, आणि मराठीला काय मिळालं ते सगळे जाणतात. मी आक्काला बहिणाबाई करत नाही. तिच्या बोलण्यात कविता नाही, कालवड आहे, गुडघा आहे, टेंभूचं पाणी आहे. चाळीस माणसांबाहेर त्याची किंमत शून्य. पण त्या जळगावच्या घरात ऐकणाऱ्यांनी आधी कविता तपासली आणि मग कान दिला असं झालेलं नाही. आधी कान दिला. महत्त्वाचं तेवढंच बोल असा नियम त्या घरात असता तर?

नियम आमच्याकडं झाला. बहुमतानं. पुढं काय झालं ते सांगतो, म्हणजे महत्त्वाच्या बातमीचा अर्थ तरी कळेल. दुसऱ्या दिवसापासून आक्का गप्प. ग्रुप स्वच्छ, शांत, पुतण्या खूश. अकराव्या दिवशी कोलकात्याच्या चुलतभावानं सहज वाडीवर फोन केला तेव्हा कळलं, भावकीतले एक आजोबा ठराव झाला त्याच आठवड्यात वारले होते. गावातल्यांनी जवळच्या चौघांना फोन केले होते. बाकीच्यांना कुणी कळवलं नाही, कारण प्रत्येकाला वाटलं, आक्का सांगेल. कोइमतूरच्या चुलत्यांनी मधल्या काळात दुकानात सत्यनारायण घातला होता. सुतकात पूजा झाली म्हणून ते फोनवर अक्षरशः रडले. पुतण्या सुतक मानत नाही, मीही फारसं मानत नाही. पण चुलते मानतात, आणि त्यांच्या रडण्याला आम्ही दोघं जबाबदार होतो.

आक्काला विचारलं, "तू का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुमी म्हनला फकस्त म्हत्त्वाचं. मला काय ठावं, त्यातलं म्हत्त्वाचं कुठलं."

तिच्या या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मरणाची बातमी महत्त्वाची हे तिला कळत नव्हतं असं थोडंच आहे? पण ती बातमी सांगायची तिची रीत आम्ही मोडली होती. "रामकृष्णहरी, आबा पांडुरंगाच्या पायाशी गेलं" असं म्हणायचं नाही, तर मग मेलं म्हणायचं का? वयानं, मानानं मोठ्या माणसाला? तिच्या भाषेत ते बोलताच येत नव्हतं.

आता नियम बदललाय. दुसऱ्याचं आलेलं पुढं ढकलायचं नाही, देवाचं असो नाहीतर देशाचं. स्वतःचं काहीही चालेल, स्वतःच्या आवाजात, कितीही लांब. बदल पुतण्यानंच सुचवला, तेवढं श्रेय त्याचं. आक्काला समजावायला मी फोन केला. "म्हंजी पांडुरंगाचा फोटू पाठवायचा न्हाई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्याचा आलेला नको. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग "बरं" म्हणाली आणि गाईला पाणी दाखवायचंय म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला फोन वाजला. तिच्याच देव्हाऱ्याचा फोटो, तिनंच काढलेला, तिरका. समई अर्धी कापलेली, पितळी विठोबाच्या शेजारी चुलत्यांची जुनी तसबीर, आणि डाव्या कोपऱ्यात आक्काचा अंगठा. मागोमाग तिचा आवाज. कालवडीचं नाव चंद्री ठेवलंय.